टीजीएफ-बीटाने स्तनकर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली की नाही, हे कसे तपासावे

ट्रान्स्फॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा, म्हणजे टीजीएफ-बीटा, या प्रथिनाचे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याची हमखास दिशाभूल करते. उंदराच्या मूत्रपिंडातील तंतुपेशींना मऊ अगारमध्ये, म्हणजे जेलीसारख्या माध्यमात, वसाहती करायला लावणारा घटक म्हणून ते प्रथम ओळखले गेले आणि ‘वाढ घडवणारे’ हे बिरूद त्याला कायमचे चिकटले. १९८४ साली मात्र असे दिसून आले की, माकडाच्या मूत्रपिंडातील पेशी स्वतःचीच वाढ रोखण्यासाठी जो पदार्थ सोडतात, तो आणि हे प्रथिन जवळजवळ एकच आहेत. त्या रोधक पदार्थाचा पाठपुरावा करणाऱ्यांत रॉबर्ट हॉली होते. १९६८ चे नोबेल पारितोषिक हरगोविंद खुराना आणि मार्शल निरेनबर्ग यांच्यासह ज्यांना मिळाले, तेच हे हॉली. पुढे १९८७ साली एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींना इस्ट्रोजेनविरोधी औषध दिल्यावर त्या अधिक टीजीएफ-बीटा सोडतात आणि तो स्राव एमडीए-एमबी-२३१ या दुसऱ्या प्रकारच्या पेशींची वाढ रोखतो, असे दाखवले गेले, तेव्हापासून स्तनकर्करोगाच्या अभ्यासात हे प्रथिन केंद्रस्थानी आहे.

ज्यांच्या हाताशी इन्क्युबेटर, बायोसेफ्टी कॅबिनेट आणि प्लेट रीडर (प्लेटमधील रंगाची तीव्रता मोजणारे यंत्र) आहे, परंतु ज्यांनी हा प्रयोग अजून स्वतः केलेला नाही, अशा एम.एस्सी. प्रकल्पाच्या किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. प्लेट रीडरवरचा आकडा कमी आला म्हणजे ‘प्रथिनाने पेशी मारल्या’ असे लिहून मोकळे होण्याची घाई येथे फार होते. तो आकडा पेशी मेल्यामुळे, विभाजन थांबल्यामुळे, पेशी तळापासून सुटून धुतल्या गेल्यामुळे किंवा नुसते त्यांचे चयापचय मंदावल्यामुळेही कमी होऊ शकतो, आणि या चार गोष्टी वेगळ्या करता येतील अशी रचना आधीच केली नसेल तर नंतर कितीही आलेख काढले तरी त्या वेगळ्या होत नाहीत.

कोणत्या पेशी घ्याव्यात

या प्रयोगाचे निम्मे यश सेल लाइनच्या, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशींच्या वाणाच्या, निवडीतच ठरते, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. टीजीएफ-बीटाचा संदेश पेशीत कसा पोहोचतो हे आधी डोळ्यांसमोर आणावे. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील दुसऱ्या क्रमांकाच्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, बांधले जाते, तो पहिल्या क्रमांकाच्या रिसेप्टरला सक्रिय करतो, तो स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या पेशीतील निरोप्या प्रथिनांना फॉस्फेट जोडतो, आणि हे दोघे स्मॅड-४ ला सोबत घेऊन केंद्रकात शिरतात. केंद्रकात मायक हे वाढीला चालना देणारे जनुक दाबले जाते, पी-१५ आणि पी-२१ ही विभाजनाला लगाम घालणारी प्रथिने वाढतात, आणि पेशी डीएनएची प्रत काढण्यापूर्वीच, जी-१ अवस्थेत, थांबते. या साखळीतील कोणती कडी कोणत्या सेल लाइनमध्ये तुटलेली आहे हे माहीत असेल, तर निकाल काय यावा याचा अंदाज आधीच बांधता येतो आणि तो चुकला तर संशय कुठे घ्यायचा हेही कळते.

एमसीएफ-१० ए या पेशी कर्करोगाच्या नाहीत. स्तनातील गाठींच्या निरुपद्रवी विकारातून त्या मिळाल्या आणि त्यांची ही साखळी शाबूत आहे. टीजीएफ-बीटा दिल्यावर त्यांची वाढ स्पष्टपणे थांबते. त्या नाजूक आहेत, त्यांच्या माध्यमात घोड्याचे सीरम, इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन, कॉलरा टॉक्सिन आणि ईजीएफ (वाढीला चालना देणारे एक प्रथिन) हे सगळे घालावे लागते, तरीही प्रत्येक प्रयोगात त्यांची एक प्लेट असलीच पाहिजे असे माझे मत आहे, कारण ‘प्रथिन काम करीत आहे’ याचा तोच खरा पुरावा असतो. उलट टोकाला एमडीए-एमबी-४६८ या पेशींमध्ये स्मॅड-४ चे जनुकच उरलेले नाही, त्यामुळे स्मॅडच्या वाटेने होणारा वाढरोध तेथे दिसू नये. तो दिसला, तर प्रथिनापेक्षा त्याच्या द्रावणावर किंवा आपल्या हातावर संशय घ्यावा. याच पेशींची आणखी एक गंमत म्हणजे ईजीएफ, जे बहुतेक पेशींची वाढ वाढवते, ते यांच्या पृष्ठभागावर रिसेप्टरांची प्रचंड गर्दी असल्यामुळे यांची वाढ रोखते. म्हणून एखादे प्रथिन ‘वाढ रोखणारे’ आहे हे विधान कोणत्या पेशीत, हे सांगितल्याशिवाय पुरे होत नाही.

एमडीए-एमबी-२३१ मध्ये रिसेप्टर आणि स्मॅड दोन्ही शाबूत आहेत, तरीही, १९८७ च्या त्या निकालानंतर झालेल्या कामात, त्यांचा वाढरोध अपुरा पडलेला दिसला. २००१ साली न्यूयॉर्कमधील जोन मासागे यांच्या गटाने दाखवले की, संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो, पण मायक दाबण्याची पायरीच या पेशींनी गमावलेली असते. अशा पेशींना ‘प्रतिसाद देत नाहीत’ म्हणणे चुकीचे ठरते. त्या प्रतिसाद देतात, पण वेगळा, आणि त्याकडे शेवटी येऊ.

राहता राहिली एमसीएफ-७. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये, ६९ वर्षांच्या एका ख्रिस्ती जोगिणीच्या छातीतील पाण्यातून या पेशी मिळाल्या आणि १९७३ साली त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या इतकी वर्षे वाढल्या आहेत की, आज एका शीतपेटीतील एमसीएफ-७ आणि दुसऱ्या शीतपेटीतील एमसीएफ-७ यांत फरक पडलेला असतो. टीजीएफ-बीटाच्या बाबतीत हा फरक अगदी उघडा आहे: कमी पॅसेजच्या (पॅसेज म्हणजे पेशी एका भांड्यातून काढून नव्या भांड्यात वाढवण्याची एक फेरी) पेशी प्रतिसाद देतात, तर दीर्घकाळ वाढवलेल्या पेशींमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा रिसेप्टर घटतो आणि त्या बधिर होतात. म्हणून शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या, पॅसेज क्रमांक कोणालाच ठाऊक नसलेल्या फ्लास्कवर हा प्रयोग करू नये. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेतील भांडारासारख्या अधिकृत ठिकाणाहून पेशी मागवाव्यात, आल्या आल्या त्यांच्या पुरेशा कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवाव्यात, आणि प्रत्येक कुपी वितळवल्यानंतर २० पॅसेजच्या आतच तिचे काम संपवावे. एसटीआर, म्हणजे डीएनएतील छोट्या पुनरावृत्तींच्या, तपासणीने पेशींची ओळख पटवून घेणे हा काही हौसेचा खर्च नाही. एमडीए-एमबी-४३५ या पेशी वर्षानुवर्षे स्तनकर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या आणि नंतर त्या त्वचेच्या मेलानोमाच्या एम-१४ या पेशी असल्याचे निष्पन्न झाले. मायकोप्लाझ्माची पीसीआर तपासणीही याच वेळी उरकावी, कारण हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळ करीत नाही, पण पेशींची वाढ आणि चयापचय दोन्ही बिघडवतो.

प्रथिनाची कुपी उघडण्यापूर्वी

विकत मिळणारे टीजीएफ-बीटा-१ बहुधा कोरड्या भुकटीच्या रूपात येते, आणि १० मायक्रोग्रॅम भुकटी डोळ्यांना दिसतच नाही. ती झाकणाला चिकटलेली असू शकते, म्हणून कुपी उघडण्यापूर्वी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून घ्यावी. हे प्रथिन उदासीन द्रावणात नीट विरघळत नाही आणि प्लास्टिकला व काचेला फार चिकटते. त्यामुळे ते ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, आणि त्यात दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालून, विरघळवावे. अल्ब्युमिन प्लास्टिकच्या भिंती आधीच व्यापून टाकते आणि मोलाचे प्रथिन द्रावणात राहते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी अल्ब्युमिन वगळले, कारण ‘जास्तीचे प्रथिन नको’ असे मला वाटले होते, आणि विरळ केलेले द्रावण साध्या ट्यूबमध्ये रात्रभर शीतकपाटात ठेवले. पुढचे तीन आठवडे एमसीएफ-१० ए सुद्धा हूं की चूं करीना. मी पेशींना दोष दिला, सीरमला दोष दिला, इन्क्युबेटरच्या कार्बन डायऑक्साइडला दोष दिला. शेवटी प्रयोगशाळेतील एका ज्येष्ठ ताईंनी वही मागितली, एक पान वाचले आणि विचारले, “ट्यूब कसली वापरलीस?” प्रथिन सगळे ट्यूबच्या भिंतीवर बसले होते आणि मी पेशींना तीन आठवडे पाणीच पाजत होतो.

हिशेब एकदा कागदावर मांडून ठेवावा. १० मायक्रोग्रॅमची कुपी ५०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवली की दर मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम होते. पेशींना दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम द्यायचे असेल तर हे द्रावण ४,००० पट विरळ करावे लागते, म्हणजे ४ मिलिलिटर माध्यमात १ मायक्रोलिटर. प्रथिनाचे वजन सुमारे २५ किलोडाल्टन धरल्यास हे प्रमाण २०० पिकोमोलर भरते, आणि एवढ्या अत्यल्प प्रमाणात पेशी थांबतात हेच या प्रथिनाचे वैशिष्ट्य आहे. मूळ द्रावणाचे १० ते २० मायक्रोलिटरचे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवावेत आणि एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नये. कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी प्रथिनाविना ठेवलेल्या, पेशींना नुसते माध्यम न देता तेच आम्ल आणि तेच अल्ब्युमिन त्याच प्रमाणात द्यावे.

माध्यमाच्या दोन खोड्या

गर्भगोवत्साच्या सीरममध्ये टीजीएफ-बीटा मुळातच असते, कारण सीरम रक्त गोठल्यावर मिळते आणि रक्तबिंबिका या प्रथिनाचा मोठा साठा बाळगतात. शिवाय गाईचे आणि माणसाचे परिपक्व टीजीएफ-बीटा-१ तंतोतंत सारखे असल्यामुळे पेशींना त्यांत भेद करता येत नाही. सीरममधील बरेचसे प्रथिन सुप्त स्वरूपात असते हे खरे, पण पेशी ते जागे करू शकतात. म्हणून स्तनकर्करोगाच्या पेशींवर प्रथिन टाकण्याच्या दिवशी सीरम १० टक्क्यांवरून १ किंवा २ टक्क्यांवर आणावे.

दुसरी खोडी एमसीएफ-७ पुरती आहे. या पेशी इस्ट्रोजेनवर वाढतात, आणि माध्यमाला गुलाबी रंग देणाऱ्या फिनॉल रेडच्या नमुन्यांत इस्ट्रोजेनसारखे काम करणारी अशुद्धी असते, हे १९८० च्या दशकात लक्षात आले. इस्ट्रोजेनची चालना आणि टीजीएफ-बीटाचा लगाम एकाच वेळी खेचत असतील तर निकाल धूसर होतो. तेव्हा या पेशींसाठी फिनॉल रेड नसलेले माध्यम आणि कोळशाने गाळलेले सीरम वापरावे, आणि इस्ट्रोजेन द्यायचेच असेल तर ते मोजून द्यावे.

प्लेट मांडणे

९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये एमसीएफ-७ साठी दर वेलला सुमारे ४,००० ते ५,००० आणि एमडीए-एमबी-२३१ साठी सुमारे ३,००० पेशी १०० मायक्रोलिटर माध्यमात घालाव्यात. नेमकी संख्या प्रत्येकाने आपल्या पेशींवर एकदा ठरवून घ्यावी. कसोटी एवढीच की, ७२ तासांनंतरही कंट्रोलच्या वेलमध्ये तळ पूर्ण भरलेला नसावा. तळ भरला की पेशी जागेअभावी आपोआप थांबतात आणि मग थांबलेल्या पेशींना थांबवणारे प्रथिन निरुपयोगी भासते. कडेच्या वेलमधून पाणी उडून जाते, म्हणून त्यांत पेशी न घालता फॉस्फेट बफर भरावा. पेशी घातल्यावर प्लेट लगेच इन्क्युबेटरमध्ये न ढकलता २० मिनिटे सपाट पृष्ठभागावर राहू द्यावी, म्हणजे पेशी वेलच्या कडेला गोळा न होता सारख्या पसरतात.

दुसऱ्या दिवशी, पेशी चिकटून वाढीला लागल्यावर, दर मिलिलिटरला ०.१, ०.३, १, ३ आणि १० नॅनोग्रॅम अशा चढत्या प्रमाणात प्रथिन द्यावे, प्रत्येक प्रमाणासाठी किमान चार वेल ठेवावेत. एका गटाला पहिल्या क्रमांकाच्या रिसेप्टरचा रोधक एसबी-४३१५४२ हा १० मायक्रोमोलर प्रमाणात तासभर आधी द्यावा. या गटातील वाढ पूर्ववत झाली तरच परिणाम रिसेप्टरमार्फत झाला असे म्हणता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रथिन टाकण्याच्या क्षणी त्याच पेशींची एक जादा प्लेट तेथेच थांबवून, स्थिर करून ठेवावी. हिला शून्य वेळेची प्लेट म्हणतात. विद्यार्थी नेमकी हीच प्लेट मांडायची टाळतात.

मोजमापासाठी एमटीटी ही १९८३ पासून रुळलेली पद्धत सर्वांना ठाऊक असते. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे जांभळे सुईसारखे स्फटिक करतात, ते डीएमएसओमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरवर रंग मोजतात. परंतु ती पेशींची संख्या मोजत नाही, चयापचय मोजते, आणि टीजीएफ-बीटाने थांबलेल्या पेशी आकाराने मोठ्या व पसरट होत असल्यामुळे दर पेशीमागे जास्त रंग देऊ शकतात. सल्फोरोडामिन-बी पद्धत मला अधिक पसंत आहे. पेशी थंड १० टक्के ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाने तासभर ४ अंशांवर स्थिर कराव्यात, नळाच्या पाण्याने पाच वेळा धुवाव्यात, वाळवून ०.४ टक्के रंग अर्धा तास द्यावा, १ टक्का अॅसेटिक आम्लाने जादा रंग काढून टाकावा आणि ट्रिस द्रावणात रंग उतरवून ५४० नॅनोमीटरवर मोजावा. नवी मुंबईतील खारघर येथील अॅक्ट्रेक या संस्थेत औषधांच्या चाचणीसाठी हीच पद्धत वापरली जाते. तीही पेशीतील प्रथिने मोजते, म्हणून निदान एका प्रमाणासाठी सहा वेलच्या प्लेटमध्ये पेशी सोडवून, ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींनाच चढणारा रंग) घालून, हिमोसायटोमीटरखाली प्रत्यक्ष मोजाव्यात. वाद झाला तर या मोजणीचा शब्द अखेरचा धरावा. मोजताना वर तरंगणारे माध्यमही फेकू नये, कारण मेलेल्या पेशी त्यातच असतात.

आकड्यांचा अर्थ

समजा, शून्य वेळेच्या प्लेटचे वाचन ०.२० आहे आणि ७२ तासांनी कंट्रोलचे ०.८० आले, म्हणजे पेशी दोनदा दुप्पट झाल्या. आता प्रथिन दिलेल्या वेलचे वाचन ०.२० आले. शून्य वेळेची प्लेट नसेल तर विद्यार्थी ०.२० ला ०.८० ने भागतो आणि लिहितो की ‘२५ टक्के पेशी जिवंत राहिल्या, ७५ टक्के मेल्या’. प्रत्यक्षात जेवढ्या पेशी घातल्या तेवढ्याच आहेत. संख्या वाढलीही नाही आणि घटलीही नाही. वाचन ०.४० आले असेल तर ‘५० टक्के’ हा आकडाही फसवाच आहे, कारण पेशी दोनऐवजी एकदा दुप्पट झाल्या, म्हणजे वाढीचा वेग निम्मा झाला, आणि एकही पेशी मरण पावली असे मानण्याचे कारण नाही. वाचन ०.१० वर उतरले तरच आरंभीच्या पेशींपैकी निम्म्या गेल्या असे म्हणता येईल, आणि त्या मेल्या की सुटून धुतल्या गेल्या हे तेव्हाही तपासावेच लागेल. टीजीएफ-बीटासारख्या प्रथिनाकडून शून्य वेळेच्या रेषेखाली उतरणारे वाचन सहसा अपेक्षित नसते. ते आले तर आधी धुण्याची पद्धत तपासावी.

हा हिशेब दुप्पट होण्याच्या संख्येत मांडण्याचा आणखी एक फायदा आहे. जलद वाढणाऱ्या आणि संथ वाढणाऱ्या सेल लाइनची तुलना टक्केवारीने केली तर जलद वाढणारी नेहमीच अधिक संवेदनशील दिसते, केवळ कंट्रोल जास्त वाढल्यामुळे. वाढीच्या वेगांची तुलना केली की हा भास नाहीसा होतो.

थांबल्याचा स्वतंत्र पुरावा

प्रथिन दिल्यानंतर ४५ ते ६० मिनिटांनी वेस्टर्न ब्लॉटवर (ठरावीक प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) फॉस्फेट जोडलेले स्मॅड-२ दिसले पाहिजे. ते दिसले नाही तर संदेश दारातच अडला. दिसले आणि वाढ थांबली नाही तर अडथळा केंद्रकात आहे. दोन तासांनी मायक घटले का आणि २४ तासांनी पी-२१ वाढले का, हे पाहिले की अडथळ्याची जागा बरीचशी कळते. एवढ्यावरून एमडीए-एमबी-२३१ आणि जुन्या पॅसेजच्या एमसीएफ-७ यांतील फरक स्पष्ट होतो, जो प्लेट रीडरवर कधीच दिसला नसता: दोन्हींची वाढ थांबत नाही, पण एकीत स्मॅड-२ उजळतो आणि दुसरीत तो फिकाच राहतो.

फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे एकेका पेशीतील डीएनए मोजण्यासाठी, पेशी थंड ७० टक्के इथेनॉलमध्ये स्थिर करून, आरएनएज देऊन, प्रोपिडियम आयोडाइडने रंगवाव्यात आणि जी-१ मधील पेशींचा वाटा २४ तासांनी कंट्रोलच्या तुलनेत वाढला का ते पाहावे. जी-१ चा टप्पा आधीच ओलांडलेल्या पेशी ते चक्र पूर्ण करतात, म्हणून सहा तासांनी काही दिसत नाही म्हणून नाउमेद होऊ नये.

मृत्यू नाकारण्यासाठी केलेल्या चाचणीत एमसीएफ-७ ची एक खोच लक्षात ठेवावी. या पेशींच्या कॅस्पेज-३ (पेशीचा मृत्यू पार पाडणारे प्रथिन) जनुकाचा तुकडा गळून गेलेला असल्यामुळे त्यांत हे प्रथिनच तयार होत नाही. कॅस्पेज-३ चा कीट आणून ‘सक्रियता नाही, म्हणजे पेशी मरत नाहीत’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे रिकाम्या घराची बेल वाजवून कोणी उत्तर देत नाही म्हणून घरात शांतता आहे असे म्हणण्यासारखे आहे. येथे मरणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागाला चिकटणारे अॅनेक्सिन-व्ही वापरावे.

वाढ थांबली नाही तेव्हा

एमडीए-एमबी-२३१ ची प्लेट कंट्रोलसारखीच दिसली तर प्रयोग फसला असे समजून ती फेकून देऊ नये. मायक दाबला गेला नाही, तरी स्मॅडच्या इतर आज्ञा पाळल्या जातातच, आणि या पेशी टीजीएफ-बीटामुळे अधिक हालचाल करू लागतात, आजूबाजूच्या थरात घुसतात. प्राण्यांवरील प्रयोगांत हाडातील टीजीएफ-बीटाच या पेशींना हाड पोखरण्यास साहाय्य करते, असेही दिसले आहे. तेव्हा भरलेल्या तळावर पिपेटच्या टोकाने सरळ ओरखडा ओढून, सुटलेल्या पेशी धुऊन, प्रथिनासह आणि प्रथिनाविना तो किती वेगाने बुजतो याची छायाचित्रे शून्य, १२ आणि २४ तासांनी घ्यावीत. पेशी विभागून जागा भरत नाहीत ना, यासाठी सीरम कमीत कमी ठेवावे. एसबी-४३१५४२ चा गट येथेही असावा. प्रबंधात निकाल लिहिताना सेल लाइनचे नाव, पॅसेज क्रमांक, सीरमचे प्रमाण, प्रथिनाचे प्रमाण आणि तास हे पाचही एकाच वाक्यात यावेत, आणि त्या वाक्यात ‘मेल्या’ हा शब्द अॅनेक्सिनची चाचणी केलेली असेल तरच वापरावा.